कार्ड फॅट३२ की एक्सफॅट?

विंडोजमध्ये पेन ड्राइव्हच्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडले की एक छोटी चौकट उघडते. ही चौकट मायक्रोसॉफ्टमधले तेव्हाचे अभियंते डेव्ह प्लमर यांनी १९९४च्या अखेरीस लिहिली. अधिक चांगले काही तयार होईपर्यंत चालवून घ्यायची म्हणून ती केली होती, असे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. फॅट प्रकारच्या डिस्कला कमाल किती आकार द्यायचा, हेही त्याच बैठकीत ठरून गेले : ३२ जीबी. त्या काळात एवढी मोठी डिस्क कुणाच्या घरी नव्हती, त्यामुळे हा आकडा कुणाला खटकला नाही. आज मात्र १२८ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड जोडले की त्या चौकटीत फॅट३२ दिसतच नाही. एनटीएफएस आणि एक्सफॅट एवढेच पर्याय मिळतात. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या चाचणी आवृत्तीत ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवली, पण फक्त कमांड लिहून फॉरमॅट करणाऱ्यांसाठी.

याचा फटका ज्यांना बसतो त्यांत गेमिंग कन्सोल मॉड करणारे आघाडीवर आहेत. मॉड करणे म्हणजे कंपनीने कुलूपबंद करून विकलेल्या यंत्रावर आपल्या पसंतीचे सॉफ्टवेअर चालवणे : हौशी प्रोग्रॅमरांनी लिहिलेले होमब्रू गेम, जुन्या यंत्रांचे एम्युलेटर, स्वतःच्या डिस्कची प्रत, सेव्ह फाइलींचा बॅकअप. जवळजवळ प्रत्येक कन्सोलवर हे काम एखाद्या कार्डावरून किंवा यूएसबी डिस्कवरून होते, आणि पहिलीच पायरी असते ‘कार्ड फॉरमॅट करा’. संगणक एक्सफॅट सुचवतो, माणूस होकार देतो आणि पुढचे काही आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी गेम मध्येच बंद पडतो आणि कार्डावरच्या एका फोल्डरचे नाव चित्रविचित्र चिन्हांत बदललेले सापडते.

हा घोळ टाळायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. संगणकासाठी चांगले असलेले फॉरमॅट कन्सोलसाठी चांगले असेलच असे नाही, कारण कार्ड वाचणारे हात वेगळे असतात. संगणकावर ते काम विंडोज किंवा लिनक्स करते, वर्षानुवर्षे घासूनपुसून लख्ख झालेल्या ड्रायव्हरच्या जोरावर. मॉड केलेल्या कन्सोलवर तेच कार्ड तीन-चार जण आळीपाळीने हाताळतात. यंत्र चालू होताना बूटलोडर, मग कंपनीची मूळ प्रणाली, मग होमब्रू प्रोग्रॅम, आणि अधूनमधून घरचा संगणक. बूटलोडरमध्ये बहुधा ‘फॅटएफएस’ हा छोट्या यंत्रांसाठीचा मुक्त कोड असतो. निंटेंडोच्या जुन्या यंत्रांवरच्या होमब्रूमध्ये ‘लिबफॅट’ ही लायब्ररी असते. या साखळीतल्या सर्वांत कच्च्या दुव्याला जे फॉरमॅट झेपते तेच त्या यंत्रासाठी योग्य. कार्डाच्या पाकिटावर काय छापले आहे आणि संगणक काय सुचवतो, हे प्रश्न त्यानंतरचे.

फॅट कुटुंबाचा उगम १९७७चा. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी बेसिक भाषेच्या एका आवृत्तीसाठी ही रचना केली. फॅट३२ हे तिचे रूप १९९६मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आले. मूळ कल्पना अगदी साधी आहे. डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे पाडायचे, त्यांना क्लस्टर म्हणायचे, आणि कुठल्या फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात ठेवायची. तलाठ्याच्या दप्तरासारखेच हे : जमीन जागच्या जागी असते, पण दप्तर खराब झाले की कुठला तुकडा कुणाचा हे सांगता येत नाही. फॅट३२ मध्ये या दप्तराच्या साधारणपणे दोन प्रती ठेवलेल्या असतात.

त्याच रचनेत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांची जागा आहे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. एवढे बाइट झाले की फाइल संपते. एकही बाइट अधिक चालत नाही. ही ४ जीबीची प्रसिद्ध भिंत. १९९६मध्ये ती दूर क्षितिजावर होती. डीव्हीडी आली, ब्लू-रे आली आणि गेमच्या फाइली तिच्यावर आदळू लागल्या.

एक्सफॅट हे मायक्रोसॉफ्टचे त्यावरचे उत्तर. २००६मध्ये विंडोज सीई ६.० बरोबर ते आले, आणि २००९मध्ये एसडी असोसिएशनने ३२ जीबीहून मोठ्या, म्हणजे एसडीएक्ससी कार्डांसाठी ते ठरवून टाकले. आकाराची भिंत गेली. मोकळ्या जागेची नोंद एका वेगळ्या नकाशात गेली, म्हणून मोठ्या कार्डावर जागा शोधणे जलद झाले. मात्र दप्तराची प्रत एकच उरली. दोन प्रती ठेवणारा एक सुरक्षित प्रकार विंडोज सीईसाठी होता, पण बाजारातल्या कार्डांवर तो नसतो. एनटीएफएससारखे प्रत्येक बदल आधी रोजनाम्यात टिपून ठेवण्याचे तंत्रही एक्सफॅटमध्ये नाही. फॅट३२ मध्येही ते नाही, हे खरे. पण एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९पर्यंत खुला केला नव्हता आणि वापरायचे तर परवाना घ्यावा लागे. परिणाम असा की फॅट३२ वाचणारा चांगला कोड दोन दशके सर्वांच्या हाती होता, आणि एक्सफॅटचा ज्याने-त्याने आपापल्या कुवतीनुसार लिहिला.

निंटेंडो स्विचवर याचे परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतात.

३ मार्च २०१७ रोजी हे यंत्र बाजारात आले. एप्रिल २०१८मध्ये केट टेमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्युझे जले’ ही त्रुटी उघड केली. फेल-ओव्हरफ्लो या गटानेही त्याच सुमारास तीच वाट दाखवली. त्रुटी एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ चिपच्या बूटरॉममध्ये होती. हा भाग कारखान्यातच कोरलेला असतो, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत अपडेट पाठवून ती बुजवणे निंटेंडोला शक्य नव्हते. २०१८च्या मध्यानंतर बनलेल्या यंत्रांत तेवढी दुरुस्ती झाली. आधीच्या यंत्रांवर ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ हे मुक्त फर्मवेअर आणि ‘हेकाटे’ हा बूटलोडर आज सर्रास चालतात.

आता फॉरमॅटकडे वळू. कंपनीच्या बंद पेटीतल्या स्विचला मुळात एक्सफॅट येतच नाही. एक्सफॅट कार्ड घातले की ती इंटरनेटवरून एक अपडेट मागते. त्यात एक्सफॅटचा ड्रायव्हर येतो. मॉड करणारे बहुतेक जण बंदी टाळण्यासाठी यंत्र निंटेंडोच्या सर्व्हरपासून लांब ठेवतात, म्हणजे पहिली अडचण इथेच. अ‍ॅटमॉस्फिअरसोबतच्या ‘डेब्रेक’ या साधनाने प्रणाली अपडेट करताना फक्त फॅट३२ ठेवायचे की एक्सफॅटही घालायचे, असा पर्याय विचारला जातो तो याचसाठी. ड्रायव्हर घातला तरी पुढची अडचण उरतेच. निंटेंडोचा एक्सफॅट ड्रायव्हर कच्चा आहे, याबाबत या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे एकमत आहे. एखादा होमब्रू प्रोग्रॅम लिहिता-लिहिता कोसळला किंवा झोपलेल्या यंत्रातून कार्ड उपसले, तर नोंदी अर्धवट राहतात. फोल्डर उघडत नाहीत, काही फाइली पुसता येत नाहीत, काहींचा आकार अशक्यप्राय मोठा दिसतो. फॅट३२ वर हे अजिबात घडत नाही असे नाही, पण फारच कमी घडते. आणि घडले तरी संगणकावरची दुरुस्तीची साधने बरेच काही वाचवू शकतात.

मग ४ जीबीहून मोठ्या गेमचे काय? हा प्रश्न नवशिक्या माणसाला एक्सफॅटकडे ढकलतो, आणि त्याचे उत्तर निंटेंडोने स्वतःच देऊन ठेवले आहे. स्विचची प्रणाली मोठी फाइल एका फोल्डरच्या रूपात साठवते. फोल्डरला फाइलचेच नाव असते, आत ‘००’, ‘०१’, ‘०२’ असे तुकडे असतात, आणि फोल्डरवर आर्काइव्ह नावाची एका बिटाची खूण असते. खूण दिसली की प्रणाली सगळ्या तुकड्यांना एकच फाइल मानते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा १३ जीबीच्या आसपासचा गेम फॅट३२ कार्डावर विनातक्रार चालतो तो असा. जिथे यंत्रच तुकडे जोडून घेते तिथे भिंत उरतच नाही.

त्या एका खुणेपायी मॅक वापरणाऱ्यांना मात्र मनस्ताप होतो. मॅकवरून फाइली कार्डावर टाकल्या की नको त्या फोल्डरांवर आर्काइव्हची खूण बसू शकते, मग स्विच साध्या फोल्डरला फाइल समजू लागते आणि त्यातले काहीच सापडत नाही. शिवाय प्रत्येक फाइलशेजारी टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारी एकेक छुपी फाइल तयार होते ती वेगळीच. हेकाटेमध्ये आर्काइव्हची खूण दुरुस्त करणारे बटण आहे. त्याचा उगम हा.

स्विचबाबत आणखी एक मुद्दा आहे, आणि तो फॉरमॅटच्या चर्चेत पुरेशा ठळकपणे मांडला जात नाही. साध्या स्विचवर सेव्ह फाइली कधीच कार्डावर नसतात. त्या यंत्राच्या अंगच्या ३२ जीबी मेमरीत असतात (ओएलईडी मॉडेलमध्ये ६४). कार्ड बिघडले तर गेम पुन्हा उतरवून घेता येतात, शंभर तासांचा प्रवास जात नाही. मॉड करणारे मात्र या मेमरीची हुबेहूब प्रत कार्डावर करतात आणि सगळे उद्योग त्या प्रतीत करतात. तिला ‘एमूएमएमसी’ म्हणतात. मूळ मेमरी अस्पर्श राहावी, हा त्यामागचा शहाणा विचार. पण याचा अर्थ असा की आता सेव्ह फाइलीही कार्डावर आल्या. ही प्रत दोन प्रकारे ठेवता येते. एकात ती फॅट३२ किंवा एक्सफॅटच्या आत साध्या फाइलींच्या रूपात असते. दुसऱ्यात कार्डावर साधारण २९ जीबीचे स्वतंत्र पार्टिशन करून तिथे थेट लिहिली जाते. पहिल्या प्रकारात कार्डाची फाइल सिस्टीम बिघडली की आतले आभासी यंत्रही सेव्हसकट धोक्यात येते. दुसऱ्या प्रकारात शेजारच्या पार्टिशनवर काहीही झाले तरी ही प्रत आपल्या जागी राहते. गेम आणि होमब्रू पुन्हा टाकले की झाले. एक्सफॅटवर फाइलरूपातले एमूएमएमसी ही म्हणूनच सर्वांत वाईट जोडी, आणि फॅट३२ सोबत स्वतंत्र पार्टिशन ही सर्वांत भरवशाची. दोन्ही गोष्टी हेकाटेच्या पार्टिशनच्या पडद्यावरून एकाच वेळी करता येतात. त्याला प्लमर यांची ३२ जीबीची मर्यादा लागू नाही. तो ५१२ जीबीचे कार्डही निमूटपणे फॅट३२ करून देतो.

भिंत ओलांडण्याचे सगळेच मार्ग इतके सुबक नव्हते. निंटेंडो वी २००६मध्ये आली. तिची डिस्क ४.७ जीबीची, म्हणजे भिंतीपेक्षा किंचित उंच. २००९मध्ये हौशी प्रोग्रॅमरांनी यूएसबी डिस्कवरून वीचे गेम चालवण्यासाठी एक नवीनच फाइल सिस्टीम तयार केली : डब्ल्यूबीएफएस, म्हणजे वी बॅकअप फाइल सिस्टीम. डिस्कवरची न वापरलेली जागा भरायला घातलेला निरर्थक मजकूर ती गाळून टाके, त्यामुळे अनेक गेम मूळ आकाराच्या काही अंशात बसत. कल्पना चतुर होती, पण ती एकट्या वीपुरती होती. संगणकाला ही डिस्क ओळखता येत नसे. जोडली की विंडोज ती फॉरमॅट करायची का, असे विचारे आणि ‘हो’वर बोट पडले की सगळा संग्रह गेला. त्या पार्टिशनवर गेमखेरीज काहीच ठेवता येत नसे, म्हणून मुखपृष्ठांची चित्रे आणि होमब्रूसाठी वेगळे फॅट पार्टिशन करावे लागे.

थोड्याच काळात लोक परत फॅट३२ वर आले. डब्ल्यूबीएफएसची गाळण्याची युक्ती तेवढी ठेवली, पण साध्या फाइलीच्या रूपात. आणि गेम ४ जीबीपेक्षा मोठा उरलाच तर त्याचे दोन तुकडे केले. वीवर आज नव्याने डिस्क तयार करणाऱ्याला डब्ल्यूबीएफएस पार्टिशन करण्याचे काहीच कारण नाही. गेमक्यूबची डिस्क तर दीड जीबीचीही नव्हती, म्हणून वीवर गेमक्यूब चालवणाऱ्या ‘निंटेंडॉन्ट’ला हा प्रश्न फारसा पडलाच नाही.

प्लेस्टेशन २ ची गोष्ट भारतीय वाचकाच्या अधिक जवळची. २०००मध्ये आलेल्या आणि जगभरात १५ कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या या यंत्राने इथल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत कन्सोल पोहोचवला. २००९मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि पतंग, कबड्डी, विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ हे भारतात घडलेले गेम याच यंत्रावर आले. अशा डिस्कच्या प्रती थोड्या आणि दरवर्षी ओरखडे वाढणार, म्हणून ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्यांची प्रत काढून ठेवणे हे जतनाचे काम आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणकीय प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअपची मुभा देते. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण ती हक्कभंगाच्या हेतूशी जोडलेली आहे. इतरांच्या डिस्क उतरवून वाटणे मात्र इथेही गुन्हाच आहे आणि परदेशातही.

या यंत्रावरचे ‘ओपन पीएस२ लोडर’ हे सॉफ्टवेअर यूएसबीवरून गेम चालवते, आणि इथे फॉरमॅटचा प्रश्न एका वेगळ्याच टोकाने येतो. यंत्राचे यूएसबी १.१ जातीचे : सेकंदाला जेमतेम दीड एमबी. त्याच यंत्राचा डीव्हीडी ड्राइव्ह याच्या तिपटीहून जलद वाचतो. म्हणून यूएसबीवर गेम चालतो, पण मधल्या चित्रफिती अडखळतात. कार्ड महागडे घेतले किंवा फॉरमॅट बदलले तरी ती अडखळण थांबत नाही, कारण अडथळा दारातच आहे. दुसरी अट जागेची. आतल्या-बाहेरच्या साधनांशी बोलणारा प्रोसेसर वेगळा असून त्याच्याकडे फक्त २ एमबी मेमरी आहे, आणि ड्रायव्हरला गेमसोबत तेवढ्यातच दाटीवाटीने राहावे लागते. कार्डभर विखुरलेल्या तुकड्यांचा माग ठेवायला तिथे जागा नसते. त्यामुळे लोडरची बराच काळ अशी अट होती की फाइल सलग असली पाहिजे. जुन्या फाइली पुसून नव्या टाकत राहिले की मोकळी जागा विखुरते आणि गेम सुरू होण्याऐवजी फाइल तुकड्यांत असल्याचा संदेश येतो. उपाय एकच : सगळे बाजूला काढून ठेवायचे, डिस्क नव्याने फॉरमॅट करायची आणि एकेक फाइल क्रमाने टाकायची. ४ जीबीपेक्षा मोठे गेम एकेक जीबीच्या तुकड्यांत कापावे लागत. अलीकडच्या आवृत्त्यांनी एक्सफॅट स्वीकारल्यावर ही कापाकापी संपली. प्लेस्टेशन २ वर एक्सफॅट वापरायला हरकत नाही, कारण गेम सुरू असताना यंत्र त्यावर सहसा फक्त वाचते. वाचण्यापुरत्या कामात कच्चा ड्रायव्हरही फारसे बिघडवू शकत नाही.

हा भेद सगळीकडे उपयोगी पडतो. यंत्र कार्डावर किती लिहिते? ते लिहीत असताना वीज जाण्याची किंवा प्रोग्रॅम कोसळण्याची शक्यता किती? स्विचवर दोन्ही जास्त, प्लेस्टेशन २ वर दोन्ही कमी.

पहिला एक्सबॉक्स, नोव्हेंबर २००१चा, हा आतमध्ये हार्ड डिस्क घेऊन आलेला कन्सोल. तिच्यावर मायक्रोसॉफ्टने स्वतःच्याच फॅटची छाटलेली आवृत्ती वापरली, फॅटएक्स. तिच्यात फाइलीचे नाव जास्तीत जास्त ४२ अक्षरांचे, आणि ४ जीबीची भिंत तीच. इथे निवड फॉरमॅटची नसते, क्लस्टरच्या आकाराची असते. २५६ जीबीपर्यंतच्या पार्टिशनला १६ केबीचा क्लस्टर पुरतो, ५१२ जीबीपर्यंत ३२ केबीचा, १ टीबीपर्यंत ६४ केबीचा हवा. चुकीचा आकार ठेवला तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. डिस्क अर्ध्याहून अधिक भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जाऊ लागतात आणि दोन्ही नासतात. नुकसान आज आणि कारण वर्षापूर्वीचे, असा हा दोष असल्याने शोधायला अवघड. मोठी डिस्क बसवताना पहिल्या दिवशीच आकडा तपासून घेणे एवढाच इलाज.

प्लेस्टेशन ३ बाहेरच्या यूएसबी डिस्कवर फक्त फॅट३२ ओळखतो, आणि त्याच्या ब्लू-रे डिस्क ५० जीबीपर्यंतच्या. मॉड केलेल्या यंत्रांवर ‘वेबमॅन मॉड’सारखी साधने एनटीएफएस डिस्कवरच्या मोठ्या फाइली आधी शोधून त्यांची यादी तयार करतात आणि मग त्या यंत्रापुढे डिस्क म्हणून ठेवतात. जिथे फाइली अखंड ठेवायच्या असतील तिथे हा मार्ग चांगला. पण मॉड चालू नसताना यंत्राला ती डिस्क दिसत नाही, म्हणून एक छोटा फॅट३२ पेन ड्राइव्ह जवळ ठेवावाच लागतो.

एक्सफॅट सरसकट वाईट, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. प्लेस्टेशन व्हिटा २०११मध्ये आली तेव्हा सोनीने तिला स्वतःचीच महागडी मेमरी कार्डे लावली. गेम कार्डाच्या खाचेत मायक्रोएसडी बसवणारा अ‍ॅडॉप्टर हौशी लोकांनी काढला आणि ती सक्ती मोडली. त्या कार्डासाठी एक्सफॅटच योग्य, कारण व्हिटाच्या मूळ प्रणालीला ते अंगचेच येते. प्लेस्टेशन ४ लाही यूएसबीवर ते सहज चालते. जुनी यंत्रे हार्डवेअरच्या पातळीवर नव्याने साकारणाऱ्या मिस्टर या प्रकल्पात तर आतले लिनक्स हीच एक मोठी फाइल असते आणि ती एक्सफॅट कार्डावर ठेवलेली असते. लिनक्सला नोव्हेंबर २०१९च्या ५.४ आवृत्तीपासून एक्सफॅट मिळाले, आणि २०२०च्या ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला अधिक भक्कम ड्रायव्हर आला. ड्रायव्हर भक्कम असेल तर फॉरमॅटची बदनामी टिकत नाही.

उलट टोकाला निंटेंडो ३डीएस. २०११च्या या यंत्राला अधिकृतपणे ३२ जीबीपर्यंतचीच कार्डे चालतात, आणि एक्सफॅट तर ते ओळखतच नाही. मोठे कार्ड फॅट३२ केले की मात्र बिनतक्रार चालते. मार्च २०२३मध्ये ३डीएसचे ऑनलाइन दुकान बंद झाले, तेव्हा आपले विकत घेतलेले गेम उतरवून ठेवायला अनेकांनी मोठी कार्डे आणली आणि त्या ३२ जीबीच्या चौकटीवर अडकले. रिजक्रॉपचा ‘फॅट३२ फॉरमॅट’ हा चिमुकला प्रोग्रॅम अशा वेळी कामी येतो. या यंत्रावर क्लस्टरचा आकार कळीचा असतो. १२८ जीबीच्या कार्डावर ३२ केबीचा क्लस्टर धरला तर सुमारे ४२ लाख नोंदींचा तक्ता होतो, साधारण १६ एमबीचा. तो चाळायला छोट्या प्रोसेसरला वेळ लागतो, आणि चालू केल्यावर मुख्य पडदा उमटायला उशीर होतो. म्हणून १२८ जीबी आणि त्यापुढे ६४ केबी, त्याखाली ३२ केबी, असा संकेत आहे. क्लस्टर मोठा केल्याने छोट्या फाइली जागा वाया घालवतात, पण गेमच्या फाइली मोठ्या असल्याने हे नुकसान नगण्य.

फॉरमॅट कितीही विचारपूर्वक निवडले तरी खोट्या कार्डापुढे ते हतबल असते. बाजारात ५१२ जीबी म्हणून विकले जाणारे, प्रत्यक्षात ३२ जीबीचे कार्ड सहज मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांपर्यंत कुठेही फसगत होऊ शकते. असे कार्ड आपली खोटी क्षमता संगणकाला सांगते, फॉरमॅटही होते, आणि खरी जागा संपली की पुढचे सगळे हवेत लिहिते. लक्षणे थेट बिघडलेल्या एक्सफॅटसारखी : फाइली आहेत, पण आत कचरा. कितीतरी लोक फॉरमॅट बदलत बसतात आणि दोष कार्डाचा असतो. जर्मनीच्या ‘सी-टी’ मासिकाने वाटलेला ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा विंडोजवरचा प्रोग्रॅम किंवा लिनक्स-मॅकवरचा ‘एफ३’ संपूर्ण कार्ड भरून, पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतो. मोठ्या कार्डाला यासाठी काही तास लागतात. नवे कार्ड यंत्रात घालण्याआधी ते तास द्यावेत. मॉड करण्याच्या साऱ्या कामात याहून फायद्याचा वेळ नाही.

एक्सफॅटवरून फॅट३२ वर येणाऱ्यांसाठी दोन शब्द. कार्डावरचे सगळे संगणकावर उतरवायचे, फॉरमॅट करायचे आणि परत चढवायचे, एवढेच ते काम. जागेवरच्या जागेवर रूपांतर करून देणाऱ्या साधनांच्या नादी लागू नये. स्विचवर एमूएमएमसी फाइलरूपात असेल तर आधी हेकाटेने त्याचा बॅकअप घ्यावा, आणि कार्ड नव्याने मांडतानाच स्वतंत्र पार्टिशन करून घ्यावे, कारण भरलेल्या कार्डावर नंतर पार्टिशन काढायचे तर पुन्हा सगळे पुसावे लागते. मोठ्या फाइलींचे संगणकावर तुकडे करून ते चढवले असतील तर शेवटी आर्काइव्हची खूण तपासावी.

फॅट३२ ची आपली एक कमाल मर्यादा आहेच : ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबी. स्विच अधिकृतपणे जेवढे मोठे कार्ड घेते तेही २ टीबीच, त्यामुळे या यंत्राच्या आयुष्यात हा प्रश्न बहुधा उभा राहणार नाही. त्या आकाराला तक्ता मात्र अवाढव्य होतो. ६४ केबीचा क्लस्टर धरला तरी ३ कोटी ३५ लाख नोंदी, म्हणजे १२८ एमबीचा तक्ता, आणि त्याची आणखी एक प्रत. २ टीबीच्या पुढच्या कार्डांसाठी एसडी असोसिएशनने एसडीयूसी हे मानक २०१८मध्येच आणले. त्याची कमाल मर्यादा १२८ टीबी, आणि फॉरमॅट पुन्हा एक्सफॅट. ती कार्डे हौशी लोकांच्या यंत्रांत येतील तेव्हा फॅट३२ चा आसरा नसेल आणि बूटलोडर लिहिणाऱ्यांना एक्सफॅटचा चांगला ड्रायव्हर स्वतः बाळगावा लागेल. त्यासाठी लागणारा तपशील २०१९पासून खुला आहे, आणि लिनक्समधला सॅमसंगचा कोड समोर आहे.